नववीच्या ४४ मुलांकडून एका दिवसात बाहेर काय मोजून घ्यावं? (कोल्हापूर परिसर)

फळा_खडू

नमस्कार मंडळी. कोल्हापूर शहरातल्या शाळेत नववीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. ४४ मुलं, चार शिक्षक, एक अख्खा शनिवार आणि गाडीभाडं सोडून साहित्याला अडीच हजार रुपये, एवढं हातात आहे. मुलांना नुसता निसर्ग दाखवून आणायचा नाही. त्यांनी स्वतः काहीतरी मोजावं आणि त्या आकड्यांवर पुढे वर्गात दोन-तीन तास काम व्हावं, असा विचार आहे.

डोक्यात चार जागा आहेत: रंकाळा, राजाराम तलाव, पन्हाळ्याच्या पायथ्याचा एखादा ओढा आणि मसाई पठार. माती, पाणी, झाडं, पक्षी हे सगळं एका दिवसात घ्यावं की एकच काहीतरी? महिना कोणता बरा? साहित्य घरी बनेल का? आणि मुख्य म्हणजे मोजताना गोंधळ कुठे होतो ते आधी कळलं तर बरं होईल.

मुरूममाती

मॅडम, आधी प्रश्न ठरवा, मग जागा. तुमच्या चारही जागा चांगल्या आहेत, पण चौघींचे प्रश्न वेगळे आहेत. एका दिवसात चार विषय घेतले तर प्रत्येकाचे तीन-तीन आकडे हाती येतात, आणि तीन आकड्यांवर वर्गात पाच मिनिटंसुद्धा बोलता येत नाही. एकच प्रश्न घ्या आणि त्याचे तीस आकडे आणा.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी 'पाणी कुठे किती मुरतं?' हा घ्या. गाडी लागत नाही किंवा अगदी जवळची लागते, धोका जवळजवळ नाही, आणि कोल्हापूरच्या पोरांना पाण्याचा विषय समजावून सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी त्यांना पाढ्यासारखी पाठ असते.

साहित्य असं. सहा इंची पीव्हीसी पाइपचे १५ सेंमी लांबीचे तुकडे कापून घ्या, त्यांनाच पुढे कडी म्हणतो. प्लंबिंगच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात. एका बाजूची कड बाहेरून कानसीनं घासून धारदार करा. धारदार कडेपासून ७ सेंमीवर आतून मार्करनं गोल रेघ मारा, तिथपर्यंत कडं जमिनीत जायला हवं. शिवाय लाकडी फळीचा तुकडा, हातोडी, मापाची बाटली, प्लास्टिकचा पातळ कागद, मोजपट्टी आणि घड्याळ. बस.

कड्याचा आतला व्यास स्वतः मोजा, कारण कंपनीगणिक आणि पाइपच्या जाडीगणिक तो बदलतो. १५ सेंमी भरला तर क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंमी येतं, म्हणजे ४५० मिली पाणी ओतलं की आत अडीच सेंमीचा थर उभा राहतो. व्यास वेगळा असेल तर पाण्याचं मापही त्या हिशेबानं बदला. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या, भूमितीचा तास तिथेच होतो.

जागेवरचं गवत उपटायचं नाही, कात्रीनं जमिनीलगत कापायचं. कड्यावर फळी आडवी ठेवून फळीवर हातोडी मारायची, म्हणजे कडं तिरकं जात नाही आणि फुटत नाही. रेघेपर्यंत गेलं की कड्याच्या आतल्या बाजूची माती बोटानं हलकेच दाबून घ्यायची, नाहीतर पाणी पाइपला लागूनच खाली पळतं. आत प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर पाणी ओतायचं आणि मग कागद हळूच ओढून काढायचा. थेट ओतलं तर धारेनं माती उकरते, गाळ वर येतो, तोच छिद्रांत बसतो आणि मुरण्याचा वेग आपणच कमी करतो. कागद निघाला की घड्याळ सुरू. पाणी संपून माती नुसती ओली चमकायला लागली की बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं: त्याच कड्यात दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओता आणि दुसरी वेळ लिहा. पहिलं पाणी कोरडी माती भिजवण्यात जातं. काळ्या रानात तर उन्हाळ्यात भेगा असतात, त्यात पहिलं पाणी बघता बघता गडप होतं आणि मुलं लिहितात 'काळ्या मातीत पाणी सर्वात लवकर मुरतं'. माती फुगून भेगा मिटल्या की तीच माती पाणी घेईनाशी होते. तुलना करायची ती दुसऱ्या ओतण्याची.

जागा तीन प्रकारच्या निवडा: खेळाचं तुडवलेलं मैदान, गवताळ माळ, आणि पालापाचोळा पडतो अशा जुन्या झाडाखालची जमीन. प्रत्येक प्रकारात किमान तीन कडी. मैदानावर अर्ध्या तासातही पाणी संपणार नाही. तेव्हा वाट बघत बसू नका, ३० मिनिटांनी मोजपट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर उतरलं ते लिहा. शेवटी सगळं एकाच मापात आणा. २५ मिमी पाणी १० मिनिटांत मुरलं तर ताशी १५० मिमी. ३० मिनिटांत ६ मिमी उतरलं तर ताशी १२ मिमी. ताशी १२ मिमी मुरणाऱ्या मैदानावर तासाला ३० मिमी पाऊस पडला तर उरलेले १८ मिमी कुठे गेले, एवढा एक प्रश्न वर्गाला तासभर पुरतो.

एक सावध करून ठेवतो. मुलं लगेच लिहितील की मैदानात पाणी मुरत नाही म्हणून पंचगंगेला पूर येतो. ते तसं नाही. शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या घाटमाथ्यावर पडतो आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती तो खाली आणतात. तिथली जमीन आधीच्या पावसानं गच्च झालेली असते, वर धरणांचा विसर्ग येतो. मैदानाचा आकडा रस्त्यावर पाणी का तुंबतं एवढंच सांगतो. आकड्यानं जेवढं सांगितलं तेवढंच लिहायचं, ही सवय नववीतच लागली तर पुढे कामाला येते.

ओढ्याकाठी

मुरूममातींशी सहमत. पण दुसरा दिवस मिळाला तर ओढा सोडू नका. वाहत्या पाण्यात गुडघ्याएवढं उभं राहून जे कळतं ते चित्रातून कळत नाही.

आधी कुठे जायचं नाही ते सांगतो. शहरातला कुठलाही सांडपाणी मिसळणारा नाला नको, पंचगंगेचा घाटही नको. पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) भीती खरी आहे. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांपासून लांब राहा. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, मग वरच्या बाजूला नदी नदी राहत नाही, तळं होतं. तिथे वेग मोजायला गेलात तर पाणी उभंच दिसेल. खालच्या बाजूला बरग्यांच्या फटीतून येणारं पाणी भोवरे करतं आणि काठ शेवाळानं बुळबुळीत असतो. तिथे मुलांना उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पन्हाळा किंवा जोतिबाच्या उताराखालचा, वस्तीच्या वरचा, खळखळ वाहणारा लहान ओढा बघा. ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर हा काळ बरा: पूर ओसरलेला असतो आणि पाणी अजून आटलेलं नसतं. आठ दिवस आधी स्वतः जाऊन खोली काठीनं मोजून या. मुलांच्या गुडघ्यावर जाईल तिथे उतरायचं नाही.

पाणी किती वाहतंय ते असं मोजा. सरळ, एकसारखा १० मीटरचा पट्टा निवडा आणि दोन्ही टोकांना आडवी सुतळी बांधा. तरंगायला संत्रं घ्या, सालीसकट. ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. प्लास्टिकची बाटली किंवा करवंटी वाऱ्यावर पळते. कागदी लिंबू बऱ्याचदा बुडतंच. जे काही घ्याल ते आधी घरी बादलीत टाकून बघा. संत्रं वरच्या सुतळीच्या दोन मीटर आधी सोडायचं आणि सुतळी ओलांडताना घड्याळ दाबायचं. मुलं हातातून सोडतानाच घड्याळ दाबतात, ही हमखास होणारी चूक. पाच वेळा सोडा. दगडाला अडकलेली फेरी धरू नका, उरलेल्यांची सरासरी घ्या.

मग ओढ्याचा आडवा छेद. समजा पात्र २.४ मीटर रुंद आहे. दर ४० सेंमीवर काठी उभी धरून खोली मोजली आणि ती ०, १२, २१, २६, १८, ९, ० सेंमी आली. बेरीज ८६ सेंमी, म्हणजे ०.८६ मीटर. तिला ०.४ नं गुणलं की छेदाचं क्षेत्रफळ ०.३४४ चौरस मीटर. संत्र्याला १० मीटरला २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण तळाशी पाणी दगडाधोंड्यांना घासून मंद जातं, म्हणून ०.८५ नं गुणायचं: ०.३४. दोन्हींचा गुणाकार ०.११७ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ११७ लिटर. तुमच्या शाळेची टाकी किती सेकंदांत भरेल, हे पोरं लगेच काढतात.

पाण्यातले किडे बघायचे असतील तर मच्छरदाणीचं कापड एक मीटर बाय साठ सेंमी कापून दोन्ही बाजूंना काठ्या शिवा. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी तळाशी टेकवून धरायची, खालची कड दगडांनी दाबायची. दुसऱ्यानं जाळीच्या पुढे, वरच्या अंगाला, तळाचे दगड पायानं अर्धा मिनिट घोळायचे. जाळी खालून वर, येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड ठेवून उचलायची आणि दोन सेंमी पाणी असलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची. वेगवेगळे करायला बर्फाचा ट्रे, चमचा आणि चित्रकलेचा मऊ ब्रश. चिमटा नको, पाय तुटतात.

'ट्रेमध्ये काहीच नाही' असं पहिल्या मिनिटाला सगळे गट ओरडतात. ढवळू नका, तीन मिनिटं नुसतं बघा. वाळूच्या कणांची सेंटिमीटरभर नळी पडलेली असते, कचराच वाटतो. पाणी शांत झालं की तिच्या तोंडातून आधी काळपट डोकं, मग सहा पाय बाहेर येतात आणि नळी चालायला लागते. ती कॅडिसफ्लायची अळी. स्वतःच्या रेशमानं वाळूचे कण चिकटवून तिनं ते घर बांधलेलं असतं. शेपटीला बहुधा तीन बारीक धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे कल्ले दिसले तर मेफ्लाय. टोकाला पानासारखे तीन कल्ले असतील तर टाचणी (चतुराचा बारीक भाऊबंद), आखूड जाड अंग आणि कल्ले बाहेर दिसत नसतील तर चतुर. कॅडिस आणि मेफ्लायच्या बऱ्याच जाती मिळाल्या की पाण्यात प्राणवायू चांगला आहे. नुसत्या लालभडक अळ्याच मिळाल्या तर प्राणवायू कमी असल्याची शंका घ्या. त्या लाल असतात हिमोग्लोबिनमुळे, आणि त्याच्याच जोरावर त्या तिथे तगतात.

तुलना करताना खळखळाटाची खळखळाटाशीच करा. डोहातले किडे मुळातच वेगळे असतात. वर खळखळाट, खाली डोह घेतलात तर नसलेलं प्रदूषण सापडेल. वीस मिनिटांत सगळे जिथले तिथे परत सोडा, ट्रेमधलं पाणी उन्हानं पटकन तापतं.

आणि टीडीएस मीटरवर पाणी स्वच्छ की घाण हे ठरवू नका. तो विरघळलेले क्षार दाखवतो. मैला त्याला दिसत नाही. शिरोळकडच्या क्षारपड मातीसाठी मात्र तो उपयोगी पडतो: २० ग्रॅम माती १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात हलवून, गाळ बसू देऊन, वरच्या पाण्यात वाचन घ्या आणि दोन शेतांची तुलना करा.

पठारवारा

मसाई पठाराबद्दल. ऑगस्ट-सप्टेंबरात ४४ मुलं घेऊन तिथे जाऊ नका, ही हात जोडून विनंती. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जांभ्याच्या कातळावर माती असते बोटभर, कुठे कुठे नखभर. त्या ओल्या पापुद्र्यावर एक बूट सरकला की वर्षानुवर्षं जमलेला थर सोलून निघतो. ४४ मुलं म्हणजे ८८ बूट.

न्यायचंच असेल तर आठ-दहा मुलांचा निसर्ग मंडळाचा गट न्या, वन विभागाला आधी कळवा आणि उघड्या कातळावरूनच चालवा. प्रश्न हा घ्या: माती किती खोल असली की कोणती वनस्पती येते? कातळावरून गवताकडे जाणारी दहा मीटरची टेप सरळ पसरा. दर ५० सेंमीवर सायकलच्या आऱ्यानं खोली बघा. आऱ्यावर आधीच सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवा. त्या बिंदूला जे रोप टेकतंय तेवढंच लिहा. २१ बिंदू होतात. शून्य खोलीला शेवाळ आणि दगडफूल, दोन-तीन सेंमी ओल्या मातीत गेंद आणि सीतेची आसवं, आणखी खोल गेलं की गवतं आणि कवला, फटीत माती साठली असेल तिथे झुडपं, अशी एक चढण कागदावर उमटते. सीतेच्या आसवांना मुळं नसतात. मातीत नत्र फार कमी म्हणून ती पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना जमिनीखालच्या इवल्या फुग्यांत पकडतात. उपटून दाखवायची नाहीत. आधी वर्गात चित्र दाखवा आणि तिथे फूल बघा.

चौकट फेकून नमुना घ्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी शिकवतात. ती सोडा. फेकणारा नकळत फुलांकडेच फेकतो आणि आकडे फुगतात. शाळेच्या आवारात चौकट वापरायची असेल तर दोन बाजूंना टेप लावा, चिठ्ठ्या टाकून दोन आकडे काढा आणि त्या बिंदूवर चौकट ठेवा. चौकटीला पाइपची गरज नाही. पाच मीटर सुतळी घ्या, टोकांना थोडी सोडून दर मीटरला गाठ मारा, चार खिळे; झाली एक चौरस मीटर. कोपरे काटकोनात आहेत का ते बघायला दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येकी १४१ सेंमी भरले पाहिजेत. सुतळी आधी ओली करून वाळवा, नाहीतर दवात आखडते.

पावसाळ्यानंतर पन्हाळ्याला गेलात तर वाटेत डोंगराचा उघडा छेद दिसेल तिथे थांबा. वर तांबूस, भोकाभोकांचा जांभा, खाली काळा बेसॉल्ट. जांभ्यातून पाणी झिरपतं, खालच्या घट्ट थराला अडतं आणि सांध्याला ओल धरते. पायथ्याशी झरे कुठे आहेत ते नकाशावर टिंबं देऊन बघा, टिंबं साधारण एका उंचीच्या रेषेत येतात का ते मुलांनाच शोधू द्या.

डोंगरवाट

मोजमापाचं सगळ्यांनी सांगितलं, मी सुरक्षेचं सांगते. थोडं लांबेल, पण वाचा.

दहा-अकरा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. चार शिक्षक म्हणजे काठावरचा हिशेब आहे. एखाद्याला मुलाबरोबर दवाखान्यात जावं लागलं तर उरले तीन. दोन पालक बरोबर घ्या. पालकांची संमती, शिक्षण विभागाची परवानगी आणि प्रत्येक मुलाचं दमा, फिट, ॲलर्जीचं टिपण गटप्रमुखाच्या खिशात हवं, शाळेच्या कपाटात नाही.

दगड उलटायचा तर लांबची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि दगड आपल्या पायांसमोर ढालीसारखा राहतो. कातळावरच्या सुट्या दगडांखाली फुरसं असतं, म्हणून हे दिसायला क्षुल्लक वाटलं तरी चुकवू नका. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच खड्ड्यात. उलटा ठेवला तर खालचं सगळं उन्हात मरतं.

साप चावला तर करकचून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, बूट काढा. तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका, १०८ ला फोन आणि सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाकडे गाडी. साप मारून किंवा पकडून आणण्यात वेळ घालवू नका.

गडाच्या कड्याला, मोठ्या झाडाला आग्या मोहोळ असतं. त्या दिवशी सेंट, वासाचं तेल, गजरे नकोत. जवळपास धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळा, शक्यतो गाडीत किंवा खोलीत, आणि दारं बंद करा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा जितक्या लवकर निघेल तितकं कमी विष आत जातं. नखानं किंवा कार्डानं खरवडा.

प्रत्येकाला दीड लिटर पाणी, टोपी, पायात बंद बूट. ओढ्यात उतरायला जुने कॅनव्हासचे बूट चालतात. अनवाणी नको, चपलाही नकोत. डोंगरावर ढग दाटलेले दिसले तर इथे ऊन असलं तरी ओढ्यातून मुलं बाहेर काढा. पाणी गढूळ होऊन त्यात काटक्या यायला लागल्या म्हणजे वर पाऊस झालाय.

आणि ऊस हंगाम सुरू झाला की पन्हाळा रोडला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गाडी सकाळी लवकर काढा आणि अंधारापूर्वी परत या.

वारकरी_बदक

रंकाळा आणि कळंबा हे तलाव पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते नऊ. ४४ मुलं एकदम काठावर उभी केली तर मोजायला पक्षी उरत नाहीत. अकरा-अकराचे चार गट, काठावर लांब लांब चार बिंदू. आधी दोन मिनिटं गप्प, मग दहा मिनिटं मोजणी. दुर्बीण ८ बाय ४० ची पुरे. १० पटीची मुलांच्या हातात थरथरते. आधी सहाच पक्षी शिकवा: वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळा, शेकाट्या. सातवा दिसला तर वर्णन लिहून घ्या, नावासाठी अडू नका.

पण माझ्या मते एका दिवसापेक्षा शाळेच्या आवारातलं एक झाड वर्षभर बघणं जास्त शिकवतं. सीझनवॉच या उपक्रमात शाळांना हेच करता येतं: ठरलेलं झाड, आठवड्यातून एकदा, पालवी, फुलं, फळं 'नाही, थोडी, भरपूर' एवढंच. आंबा, बहावा, चिंच, करंज, फणस आवारात असतातच. झाडाला नंबर द्या आणि छातीच्या उंचीला, जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर मोजा. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूनं उंची धरा.

नोंदवहीत पेन्सिल, पेन नको. शाई दवानं फुटते. पाहिलं आणि काही नव्हतं तर ०, पाहिलंच नाही तर आडवी रेघ. हा फरक पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. रिकामा चौकोन महिन्याभरानं कुणालाच उलगडत नाही.

फळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: या वर्षी पाणी मुरणं आणि शाळेतली दहा झाडं. ओढा पुढच्या वर्षी, आधी स्वतः बघून येऊन. मसाईचा विचार सोडला.

मुरूममाती, दोन शंका. चार-चारचे अकरा गट केले तर अकरा कडी लागतील, जागा तीन प्रकारच्याच आहेत. वाटणी कशी करावी? आणि झाडाखालच्या तीन कड्यांचे आकडे चार, नऊ आणि एकवीस मिनिटं असे आले तर मुलांना काय सांगायचं?

मुरूममाती

मैदान चार, माळ चार, झाडाखाली तीन. चौघांची कामं वाटून द्या: एक ओततो, एक घड्याळ बघतो, एक मोजपट्टी धरतो, एक लिहितो. दुसऱ्या ओतण्याला कामं बदला. पाण्याचा अंदाज आधीच घ्या: अकरा कडी, दोनदा ओतणं म्हणजे दहा लिटर, आणि सांडतं म्हणून वीस लिटरचा कॅन न्या. सगळ्यांना पाणी एकाच नळाचं. मैदानात कडं ठोकताना मुरूम लागला आणि सात सेंमी जाईना, तर जबरदस्ती करू नका, आजूबाजूची जमीन तडकते आणि आकडा खोटा येतो. जेवढं गेलं तेवढं राहू द्या, बाहेरून शाडूची ओली वात दाबून बसवा आणि वहीत 'चार सेंमी गेलं' असं लिहा.

चार, नऊ, एकवीस यात चूक कुणाचीच नाही. झाडाखाली एखादं कडं मुंगीच्या बिळावर किंवा कुजलेल्या मुळाच्या पोकळीवर बसतं, दुसरं जाड मुळावर. जमीन तशीच असते. सरासरी काढली तर एक टोकाचा आकडा सगळ्यांना ओढून नेतो. आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घ्या, इथे नऊ, आणि तक्त्यात तिन्ही आकडे दिसू द्या. कडं काढल्यावर त्या जागी खुरप्यानं दहा सेंमी उकरून बघायला सांगा. चार मिनिटंवाल्या गटाला बीळ किंवा मुळाची वाट सापडली तर ते दुसऱ्या गटाला स्वतःच ओढत आणून दाखवतील. बघून झाल्यावर माती परत दाबून बसवा.

दिवस निवडताना आधीचे तीन दिवस पाऊस नको. वळवाची सर येऊन गेली असेल तर पुढच्या शनिवारी करा. हीच मोजणी पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा करायची असेल तर जागा नेमकी सापडायला हवी. खुणेला मैदानात खिळा ठोकू नका, खेळताना पायात जातो. भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासून टेपनं अंतरं मोजून वहीत लिहून ठेवा. दोन अंतरं असली की बिंदू बरोबर सापडतो. दुसऱ्या वेळी कडं जुन्या जागेवर नको, हातभर बाजूला.